चार आण्यांची वाट

गावाचा जुना नकाशा प्रत्येकाने एकदा तरी उलगडून पाहावा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात त्याची नक्कल मिळते. सर्व्हे नंबरांच्या गर्दीतून, ओढ्यांच्या वळणांमधून काही तुटक रेषा गेलेल्या दिसतात. दोन समांतर तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकच तुटक रेषा म्हणजे पायवाट. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. गाडीवाटेला निदान आठ आणे, म्हणजे साडेसोळा फूट. पायवाटेला चार आणे, म्हणजे सव्वाआठ फूट. सरकारी कागदावर चालणाऱ्या माणसासाठी राखलेली जागा ती एवढी. तिच्यावर शेतसारा नाही, ती कुणाला पेरता येत नाही. वहिवाटीची जमीन म्हणून ती पोटखराब्यात धरलेली असते.

मोजणीची ही घडी बसली ती दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तिथे काम सुरू केलं आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. हेतू साऱ्याचाच होता. पण सारा ठरवायचा तर सारा न देणारी जमीन आधी वेगळी काढावी लागते. त्या हिशेबात वाट मोजली गेली आणि कागदावर चढली. त्या काळी गावातलं जवळपास प्रत्येक माणूस पायी चालत होतं, त्यामुळे ती कागदावर आहे की नाही, याची कुणाला फिकीर करावी लागली नाही. आज चालणारी माणसं थोडी उरली आहेत. त्यांच्यासाठी हा कागद फार मोलाचा झाला आहे.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत या तुटक रेषा जमिनीवर कुठे सापडतात, हे मी पाहत फिरत असतो. न्हावऱ्याहून आलेगाव पागा, नागरगाव, मग भीमा ओलांडून पारगाव आणि पुढे केडगावचं स्टेशन, ही माझी आवडती दिशा. शिरूरच्या वरच्या अंगाला घोड नदी, खालच्या अंगाला भीमा, मधून वेळ नदी येऊन भीमेला मिळते. पुण्याचं पाणी घेऊन मुळा-मुठा येते ती रांजणगाव सांडसपाशी भीमेत शिरते. भीमेच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. दौंडचं जुनं नाव भीमथडी. इथली तट्टं मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली. नद्यांनी कापलेल्या या सपाट मुलखात डोंगर आडवे येत नाहीत, घाट म्हणावा असा पाटसजवळचा रोटी घाटच. चालायला याहून सोपा प्रदेश शोधून सापडायचा नाही. तरी इथे चालणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे.

अडचण पहिल्याच मैलात कळते. गाव संपतं तिथे पाणंद सुरू होते, दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ. पहिला पाऊस होऊन गेलेला असला की काळी जमीन पाय धरते. दहा पावलांत चपलांना चिखलाची जड भाकर चिकटते. काडीने खरवडावी, चार पावलं टाकावीत, तर पुन्हा तेवढीच. मग माणूस चपला हातात घेतो आणि चिखलात दडलेला बाभळीचा काटा तळव्यात शिरतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल गेलेल्या असतात, त्यांत पाणी तुंबलेलं असतं. मधला उंचवटा गवताने माजलेला. पाऊल कुठे टाकायचं ते प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. तरणा माणूस हे निभावून नेतो. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीने, पोटुशी बाईने, दप्तर पाठीला लावलेल्या पोराने काय करायचं? ती माणसं घरी बसतात, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलची वाट पाहतात.

पुढे पाणंद अरुंद होत जाते. गावाकडे याला बांध कोरणं म्हणतात. नांगराचा फाळ दरवर्षी वीतभर आत सरकतो. पाच-सात वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते, पायवाटेचा बांध होतो आणि बांधावर तुरीची ओळ लागते. कुठे विहिरीचा मुरूम आणून वाटेवर लोटलेला, कुठे ठिबकच्या नळ्या आडव्या, कुठे तारेचं कुंपण आणि त्याला झटका मशीन जोडलेलं. रानडुकरासाठी लावलेली तार चालणाऱ्यालाही अडवतेच. मग वळसा. वळसा दुसऱ्याच्या उभ्या पिकातून जातो, म्हणून तिथला मालक कातावतो. त्याचंही बरोबर असतं. अशी एकेक करून वाट बुजते. ती बुजवली असं कुणा एकाकडे बोट दाखवून म्हणता येत नाही, कारण प्रत्येकाने वीतभरच घेतलेली असते.

पण या मुलखात चालणं फार जुनं आहे. शिरूर तालुक्याच्या पूर्व टोकाला, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव त्यांना सापडलं. कुडाच्या भिंतींची घरं, धान्याचं कोठार, त्याला लागून पाच खोल्यांचं मोठं घर, पाण्यासाठी खणलेला पाट. एका रांजणावर तर बैल जुंपलेल्या गाडीचं चित्र कोरलेलं मिळालं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी या काठावर गाडी होती, आणि गाडी होती तर गाडीवाटही होतीच.

तिथल्या दफनांबद्दल वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्यावरच अडलो. मोठ्या माणसांना घराच्या जमिनीखाली पुरताना घोट्याखालची पावलं तोडून टाकलेली आढळली. मेलेला माणूस उठून चालू नये, या समजुतीने ते केलं असावं, असं अभ्यासक मानतात. आपल्या माणसाबद्दलची माया आणि भीती दोन्ही त्यात असतील. मला त्यात आणखी एक दिसतं. जिवंत असणं म्हणजे चालत राहणं, अशी त्या लोकांची घट्ट समजूत असली पाहिजे. पावलं काढून घेतली की माणूस जागीच राहील, एवढा त्यांचा चालण्यावर विश्वास. पुढे पाऊसमान घटलं, शेती पिकेना, तेव्हा याच गावातले लोक गोल झोपड्यांत राहू लागले आणि गुरंढोरं घेऊन हिंडू लागले, असं उत्खननातून दिसतं. संकट आलं तेव्हा त्यांना पायांनीच तारलं.

पण या मुलखातली वाट सगळ्यांना सारखी मोकळी कधीच नव्हती. गावगाड्यात वाटेची सगळ्यांत पक्की ओळख महारांना होती. वेशीची राखण, शिवेची खूणगाठ, सरकारी निरोप, पाहुण्याला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचवणं, अंमलदाराचं ओझं वाहणं, ही कामं त्यांच्याकडे. शिवेचा तंटा झाला तर त्यांची साक्ष मोलाची मानली जाई. ज्याला गावची प्रत्येक वाट पाठ, त्यालाच वाटेच्या शेवटी असलेली विहीर आणि देऊळ बंद होतं. वाटांबद्दल लिहिताना हे विसरून चालणार नाही. जुन्या वाटा मला प्रिय आहेत, जुना गावगाडा नाही.

याच शिरूरहून, तेव्हाच्या घोडनदीच्या छावणीतून, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनीची एक तुकडी निघाली. तिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. रात्रभरात सुमारे चाळीस किलोमीटर चालून ती सकाळी कोरेगावला भीमेकाठी पोहोचली, आणि न थांबता दिवसभर पेशव्यांच्या फौजेशी लढली. १०९ वर्षांनी, १ जानेवारी १९२७ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या लढाईच्या स्मारकस्तंभापाशी आले. त्याच वर्षी २० मार्चला महाडमध्ये त्यांच्यामागून माणसांची रांग चालत चवदार तळ्यावर गेली. महाराष्ट्रातल्या चालण्याच्या इतिहासात त्या रांगेला मी सर्वांत वर ठेवतो. सार्वजनिक म्हणवणारी जागा सर्वांची आहे, हे त्या माणसांनी पाय उचलून सिद्ध केलं.

भीमेच्या पलीकडे केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचं बालपण वाटेवरच गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि भावंडं तीर्थामागून तीर्थ पायी करत, पुराण सांगत हिंडत. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले. नंतर रमाबाई भावाबरोबर शेकडो कोस चालल्या आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. उपाशीपोटी, उन्हात, अनवाणी चालणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं जाणणारी विदुषी आपल्याकडे दुसरी नसेल. दुष्काळात वाटेवर पडलेल्या मुलींना त्यांनी केडगावात छप्पर दिलं, त्यामागे हे चालणंही असणार. १९२२ मध्ये त्या केडगावातच वारल्या.

बायांच्या चालण्याचा विषय निघाला की मला सोयरिकी आठवतात. शिरूरच्या भीमाकाठच्या गावांतल्या लेकी पलीकडे दौंडात दिलेल्या, पलीकडच्या अलीकडे आणलेल्या. सकाळी निघून दिवस मावळायच्या आत पोहोचता येईल, एवढ्या अंतरावर मुलगी द्यायची, हा कितीतरी घरांचा हिशेब. गावजत्रा, बाळंतपण, दुखणंखुपणं, पंचमी, सगळं त्या वाटेवरून. हेमा रायरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा साठा एक लाखावर आहे, त्यात शिरूर तालुक्यातल्या बायांच्या ओव्याही आहेत. माहेरची वाट हा त्या साऱ्या साठ्यातला एक मोठा धागा. जातं थांबलं, पण माहेर अजून आहे आणि तिकडे जाण्याची ओढही आहे.

भीमेवर ठिकठिकाणी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. ते पाणी अडवायला बांधलेले, पण दोन्ही काठची माणसं त्यांवरूनच ये-जा करतात. अशाच एका बंधाऱ्यावर दुपारच्या वेळी मी उभा होतो. दोन माणसं अंग चोरून एकमेकांना ओलांडतील एवढी भिंतीची रुंदी. कठडा नाही. खाली खांबांच्या खाचांत लोखंडी ढापे बसवलेले, त्यांच्या फटींतून पाण्याचे पातळ पडदे सुटलेले. वरच्या अंगाला जलपर्णीची हिरवी सतरंजी, शहराच्या सांडपाण्याचा वास. खालच्या अंगाला उघडे पडलेले खडक. काँक्रीटवर जिथे पाणी झिरपतं तिथे शेवाळ धरलेलं. समोरून एक आजी आल्या. डोक्यावर गाठोडं, एका हातात काठी, चप्पल काखोटीला मारलेली. मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजला तशा त्या नदीकडे पाठ करून, भिंतीच्या अगदी कडेला टाचा टेकवून उभ्या राहिल्या. गाडी त्यांच्या लुगड्याला घासून गेली.

गाडी गेल्यावर मी म्हणालो, “आजी, केवढ्या कडेला गेलात!”

“रोजचंच हाय बाबा. लेक पल्याड दिलीया. आमच्या येळंला होडी हुती, आता ही भिंत.”

“आणि पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात ढापं काढत्यात, पानी वरनं जातं. मग फोनवर बोलायचं.”

एवढं बोलून त्या निघाल्या, अनवाणीच, शेवाळाची जागा आली की काठीने चाचपत. दोन गावं समोरासमोर दिसतात, कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं, पण पावसाळ्याचे चार महिने लेकीच्या घरी जायचं तर दूरच्या पुलावरून फिरून जावं लागतं. एसटी, मग वडाप, मग पुन्हा चालणं. तेवढं त्या म्हातारीच्याने होत नाही. भिंत बांधतानाच तिला कठडा आणि हातभर जास्त रुंदी दिली असती तर पाण्याबरोबर माणसंही सांभाळली गेली असती. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात पाणी होतं, ती बाई नव्हती.

पाणी आलं आणि ऊस आला. घोड आणि चासकमानच्या कालव्यांनी, भीमेवरच्या उपशाने, इथली जिरायती राने बागायती झाली. ज्या घरांनी बाजरीवर आणि चारा-छावणीवर दिवस काढले, त्यांच्या अंगणात ट्रॅक्टर उभा राहिला. मुलं शिकली. या सुबत्तेवर मी बोट ठेवणार नाही. पण उसाने वाटेचं रूप पार पालटलं. बाजरीच्या रानातून चालताना पुढचं गाव दिसायचं, देवळाचा कळस दिसायचा, येणारा माणूस लांबून ओळखू यायचा. उसाच्या दोन भिंतींमधून चालताना आठ हातांपलीकडचं दिसत नाही. आवाज दबतो. पाचट वाजलं की छातीत धस्स होतं.

कारण उसात बिबट्या आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन माणसं गेली: एक लहान मुलगी, एक वृद्ध बाई आणि तेरा वर्षांचा एक मुलगा. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. पिंपरखेडमध्ये रानात जाणाऱ्या माणसांनी गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे अडकवले. ती छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. आपल्याच बांधावरून जायला गळ्यात पट्टा घालावा लागतो, याहून वाटेची वाईट अवस्था कोणती सांगायची? आता बाया घोळक्याने जातात, फोनवर मोठ्याने गाणी लावतात, पोरं हातात काठ्या घेतात. अंधार पडल्यावर चालणं बहुतेकांनी सोडलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट ऊस न लावता मोकळी पट्टी ठेवली, बाभळीचं रान साफ केलं, वळणावर दिवा लावला, तर बिबट्या नाहीसा होणार नाही. पण चालणाऱ्याला निदान पुढचं दिसेल. हे काम वनखात्याचं, ग्रामपंचायतीचं आणि बांधकरी शेतकऱ्याचंही आहे.

“पण रस्ते झाले की!” असं कुणी म्हणेल. झालेच आहेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली आणि पाचशेवर वस्तीच्या गावांचं बारमाही रस्त्याचं स्वप्न पुष्कळसं खरं झालं. दवाखाना, बाजार, दूध संकलन केंद्र जवळ आलं. मात्र या रस्त्यांचा रोख गावाकडून हमरस्त्याकडे. शेजारच्या गावाकडे जाणारी आडवी वाट त्यात बसली नाही. गाव पुणे-सोलापूर किंवा पुणे-अहिल्यानगर रस्त्याला जोडलं गेलं आणि दोन मैलांवरच्या सख्ख्या शेजाऱ्याला दुरावलं. डांबरी सडकेवर चालायचं म्हटलं तर कडेला पाय ठेवायला जागा नाही. साइडपट्टी खचलेली, गळिताच्या दिवसांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, वाळूचे भरधाव हायवा. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की मुला-मुलींचे लोंढे याच खचलेल्या कडेने खोल्यांकडे चालत जातात. सोलापूर रस्त्यावर यवत-वरवंडच्या पट्ट्यात गावांचे दुभाजकाने दोन तुकडे झाले. रान पलीकडे, घर अलीकडे आणि मधून सुसाट वाहनं.

शाळेचा नियमच घ्या. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे. म्हणजे अकरा-बारा वर्षांचं पोर रोज तीन किलोमीटर जाईल आणि तीन किलोमीटर येईल, हे सरकारने गृहीत धरलं आहे. ते कोणत्या वाटेने जाईल, त्या वाटेवर ओढ्याला फरशी आहे का, सावलीचं झाड आहे का, ऊस किती जवळ आहे, हे कुणी विचारत नाही. अंतराची अट आहे, वाटेची नाही. वस्तीवरच्या मुलींची शाळा सुटते त्यामागे लग्नाची घाई असते, गरिबी असते, आणि कित्येकदा ही न विचारलेली वाट असते.

चालणाऱ्यांसाठी काही करता येत नाही, असंही नाही. त्याचा पुरावा दौंड तालुक्यातच आहे. आषाढात तुकोबारायांची पालखी यवत, वरवंड असे मुक्काम करत पाटसवरून रोटी घाट चढते. यवतकर लाखांच्या मेळ्याला पिठलं-भाकरी वाढतात. रानांतून टँकर येतात, शाळा उघडल्या जातात, डॉक्टर बसतात. पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत सुमारे १३० किलोमीटरचा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आखला, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना वारकऱ्यांसाठी वेगळी चालपट्टी धरली गेली. राष्ट्रीय महामार्गाच्या आराखड्यात अनवाणी माणसाला जागा मिळाली, ही थोर गोष्ट आहे. इरावती कर्व्यांनी आणि दि. बा. मोकाशींनी वारी चालून लिहिलं, तेव्हा अशी पट्टी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. माझं मागणं एवढंच, की वर्षातून एकदा येणाऱ्या वारकऱ्याला जे मिळालं त्याचा थोडा अंश रोज चालणाऱ्या शेतमजूर बाईला मिळावा. चालताना दोघांचे पाय सारखेच दुखतात.

कायदा चालणाऱ्याच्या बाजूने आहे, ही धीराची गोष्ट. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे शेतावर जायला वाट नसेल तर तहसीलदार बांधावरून ती देऊ शकतो. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली दाद मागता येते. पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मे २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, असा निर्णय काढला. शिव आणि पाणंद रस्त्यांसाठी गावोगावचे शेतकरी वर्षानुवर्षं झगडत होते, त्यांचं हे यश. मात्र ही रुंदी प्रामुख्याने ट्रॅक्टर आणि ऊसतोडणी यंत्र डोळ्यांपुढे ठेवून ठरलेली आहे. शेतापर्यंत पोहोचणारा रस्ता शेतातच संपतो. गावाला गाव जोडणारी पायवाट त्याहून वेगळी, आणि तिच्यासाठी अर्ज घेऊन जाणारं माणूस विरळा. शेतरस्त्यासाठी शेतकरी भांडतो. पायवाटेचा धनी कोण?

इंग्लंड-वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला सार्वजनिक पायवाटांचा नकाशा करणं बंधनकारक झालं. त्या नकाशात वाट आली की ती हक्काची, जमीन कुणाचीही असो. शेतकरी नांगरू शकतो, पण वाट पुन्हा मोकळी करून देणं त्याच्यावर असतं. आपल्याकडे नकाशा त्याच्याही आधीपासून तयार आहे. नाही ती वाट मोकळी राखण्याची जबाबदारी.

शेतकऱ्याची बाजू मी जाणतो. सव्वाआठ फुटांची वाट वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट लांब गेली, की पाच गुंठे जमीन जाते. एकराचे वाटे होत होत ज्याच्या वाट्याला अर्धा एकर आला, त्याला पाच गुंठे म्हणजे पाव रान. बांधावरून भाऊबंदकी पेटते, खून पडतात, ते हौसेने नव्हे. म्हणून वाटेचा बोजा एकट्या बांधकऱ्यावर टाकू नये. दोन्ही बाजूंनी निम्मी निम्मी जागा धरावी, मोजणीची फी पंचायतीने भरावी, मुरूम रोजगार हमीतून पडावा, ओढ्यावर फरशी टाकावी, कडेला कडुनिंब-करंज लावून त्याची निगा त्याच शेतकऱ्याला पैसे देऊन सोपवावी. यांतली कोणतीही गोष्ट अवघड नाही. कोट्यवधींचा पूल मंजूर होतो तिथे शंभर फुटांचा कठडाही मंजूर होऊ शकतो.

गाव किती पुढे गेलं, हे मोजायची माझी एक कसोटी आहे. बारा वर्षांची मुलगी श्रावणात एकटी, न घाबरता, न घसरता शेजारच्या गावच्या शाळेत चालत जाऊन दिवसाउजेडी घरी येऊ शकते का? आजची शिरूर-दौंडची बहुतेक गावं या कसोटीला उतरत नाहीत. बागायती, कारखाने, वसाहती, महामार्ग असलेल्या या सधन मुलखाला हे शोभत नाही.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरते. तुम्ही कोणत्याही गावचे असा, पुढच्या ग्रामसभेआधी गावच्या नकाशाची नक्कल काढा. त्यातली एक तुटक रेषा निवडा आणि शेजारच्या गावापर्यंत चालून या. एखाद्या म्हातारीला आणि शाळेतल्या मुलीला बरोबर घ्या, म्हणजे अडखळायच्या जागा आपोआप कळतील. त्या जागा कागदावर लिहा आणि तो कागद ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. चार आणे रुंदीची ती जागा तुमचीच आहे, फक्त मागून घ्यायची राहिली आहे.